विकता येईल का?

पहिलं घर घेणारा माणूस त्या घराकडे कधीच विकायचं नाही अशा नजरेनं बघतो. देव्हारा कुठे बसेल, आईला जिना चढवेल का, गॅलरीत वाळत घातलेले कपडे पावसात भिजतील का, हे त्याचे प्रश्न. त्याच घराची फाइल बँकेत गेली की तिथला अधिकारी मात्र एकच प्रश्न मनात धरून कागद उलटत असतो: उद्या हप्ते थकले तर हे आपल्याला विकता येईल का? घर एकच, पण एक जण त्यात मुक्काम बघतो आणि दुसरा लिलाव. पहिल्याला दुसऱ्याचा राग येतो आणि तो साहजिकच आहे. तरी कर्जत-खालापूर पट्ट्यात घर शोधणाऱ्यानं टोकन देण्याआधी थोडे दिवस बँकेची ती कोरडी नजर उसनी घ्यावी, असं माझं मत आहे.

याच पट्ट्यात का, तर इथे जमीन एका जातीची नाही. भाड्याच्या खोलीतला संसार कल्याणनंतर अंबरनाथ, बदलापूर, वांगणी असा लोकलच्या रुळांवरून सरकत सरकत आता शेलू, नेरळ, भिवपुरी, कर्जतला येऊन ठेपलाय. खोपोलीच्या कारखान्यांत आणि आसपासच्या रिसॉर्टांत काम करणारी इथलीच पोरं त्याच वन-बीएचकेच्या मागे आहेत. आणि या दोघांच्या डोक्यावरून शनिवार-रविवारपुरतं घर हवं असलेल्या मुंबई-पुण्याचा पैसा येतो. त्यामुळे चौकहून कर्जतकडे निघालात की एकाच रस्त्याला रेराचा नंबर लावलेली इमारत, ‘एनए बंगलो प्लॉट’, ‘फार्म लँड’ आणि नुसतं कुंपण घातलेलं भाताचं खाचर असं सगळं शेजारी शेजारी दिसतं. फलकावर सगळ्यांचा धबधबा एकच असतो. कागदावर मात्र एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही.

आधी प्लॉटचं बघू, कारण स्वस्त म्हणून पहिला मोह त्याचाच होतो. फलकावरचा नंबर लावला की पलीकडून उत्साहात सांगितलं जातं, “पाच गुंठे आहेत साहेब, कंपाउंड टाकून देतो, सातबारा तुमच्या नावावर.” लोन होईल का, असं विचारलं की उत्तर येतं, “लोन कशाला साहेब? आपणच हप्ते बांधून देऊ ना.”

या वाक्यापाशी थांबायला हवं. बँक जिथे पाय ठेवत नाही, तिथेच विकणारा स्वतः सावकार होतो. बँक का पाय ठेवत नाही, याचं कारण कायद्यात आहे. कर्ज थकलं तर कोर्टाची पायरी न चढता, साठ दिवसांची नोटीस देऊन गहाण मालमत्ता ताब्यात घ्यायची आणि विकायची, हा अधिकार बँकांना २००२ च्या सरफेसी कायद्यानं दिला. त्याच कायद्याच्या कलम ३१ नं शेतजमिनीला त्यातून वगळलं. म्हणजे कागदावर जी जमीन अजून शेती आहे, ती बँकेला सुखासुखी विकता येत नाही. विकता येत नाही म्हणून तिच्यावर गृहकर्ज नाही. त्यात १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३ आहे: शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. त्यावर एजंटचं उत्तर तयार असतं, “शेतकरी दाखला आम्ही करून देतो.” तसल्या दाखल्यावर आयुष्याची पुंजी लावणारे लोक मला फार शूर वाटतात. शिवाय १९४७ पासूनचा तुकडेबंदीचा कायदा आहेच. पाच-पाच गुंठे पाडून शेत विकणं त्याच्याही तावडीत येऊ शकतं. बँकेच्या ‘नाही’मध्ये हे तिन्ही कायदे असतात. फक्त काउंटरवरचा माणूस ते समजावून सांगत बसत नाही, “साहेब, अ‍ॅग्रिकल्चरला होत नाही” एवढंच म्हणतो.

आता सातबारा हातात घेऊन बघा. महाभूमीच्या साइटवर डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत निघतो. घरासाठी होणाऱ्या सगळ्या खर्चात एवढा वसूल होणारा दुसरा खर्च नाही. वरच्या भागात भूधारणा पद्धती लिहिलेली असते, भोगवटादार वर्ग-१ किंवा वर्ग-२. वर्ग-२ म्हणजे हस्तांतराला शासनाची परवानगी लागणारी जमीन. मग नावं येतात. एका गटाला कधीकधी वीस-पंचवीस नावं असतात, त्यात लग्न होऊन गेलेल्या बहिणी, वारलेल्या चुलत्याची मुलं, मुंबईत कुठेतरी असलेला एक पुतण्या. वारस म्हणून नाव लागलेलं आहे आणि खरेदीखतावर सही नाही, असा एक जण जरी निघाला तरी वकील लाल पेन काढतो. आणि उजवीकडे तो ‘इतर अधिकार’चा रकाना. लोकांचं लक्ष गुंठ्यांच्या आकड्याकडे असतं, बँकेच्या वकिलाचं आधी या रकान्याकडे जातं. सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, पुनर्वसनाचा शेरा, जे काही अडकलेलं असेल ते इथे एका ओळीत पडून असतं. समोर फेरफाराचा नंबर असतो. तो फेरफार काढायचा, त्याच्या आधीचा काढायचा, आणि दुय्यम निबंधकांच्या दप्तरात तीस वर्षं मागे जायचं. बँकेच्या भाषेत याला सर्च रिपोर्ट म्हणतात. त्याची फी तुमच्याकडूनच घेतली जाते, तेव्हा त्याची प्रत मागून घ्यायला लाजू नये.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत त्या रकान्यात एक शेरा वारंवार भेटतो: ३६, ३६ अ. ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वाड्या या डोंगररांगांत जागोजाग आहेत. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला द्यायची तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ नुसार शासनाच्या पूर्वमान्यतेनं जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. १९७४ पासून हा नियम आहे. तो डावलून झालेला व्यवहार किती हातांतून गेला तरी मूळ मालकाला परत देण्याचा आदेश होऊ शकतो. इमारत उभी राहिली, रंग लागला, गणपती बसवले, तरी खालच्या जमिनीचा तो शेरा पुसला जात नाही. कोणतीही शहाणी बँक इथे फाइल मिटते.

फ्लॅटची गोष्ट जरा सोपी आहे, पण फार सोपी नाही. घर घेणाऱ्याच्या संरक्षणासाठीचा रेरा कायदा पूर्णपणे लागू झाला १ मे २०१७ ला. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन आणि आठपेक्षा जास्त घरं असतील तर महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाकडे नोंदणी केल्याशिवाय विक्री करता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्चायचे असतात, आणि नोंदणीकृत करारनाम्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही हवा. तो मोबाइलनं उघडला की ताब्याची कबूल केलेली तारीख, चालू दावे आणि जमिनीवर बिल्डरनं स्वतः काढलेलं कर्ज असं सगळं दिसतं. शेवटचं लोक बघत नाहीत. ज्या जमिनीवर बिल्डरचं कर्ज आहे, तिथल्या तुमच्या फ्लॅटसाठी त्या बँकेचा नाहरकत दाखला लागतो. तो आहे का, हे तुमची बँक विचारणार. त्याआधी तुम्ही विचारा.

बांधकामाची परवानगी कुणी दिली, हाही इथला खास प्रश्न. माथेरानच्या पायथ्याचा मोठा भाग २००३ पासून पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात आहे. २०१३ मध्ये जाहीर झालेल्या, नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या नैना क्षेत्रात सिडको नियोजन प्राधिकरण झाली. कर्जत आणि खोपोलीला नगरपरिषदा आहेत, बाकी बहुतेक गावांना जिल्हा पातळीवरची नगररचना. प्रत्येक ठिकाणी सहीचा हक्क वेगळ्याच टेबलाकडे. “ग्रामपंचायतीची परमिशन आहे ना” असं सांगून तीन मजले चढवलेल्या इमारती नेरळच्या बाजूला फिरताना हमखास दाखवल्या जातात, दरही चौरस फुटाला बराच कमी असतो. पंचायतीचा नाहरकत दाखला म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे, हे बँकेला माहीत असतं. तो कमी दर म्हणजे सवलत नसून बँक न येण्याची किंमत आहे.

साइट ऑफिसात गेलं की सांगतात, “ताई, काळजीच करू नका, आमचं टायअप आहे, लोन होऊन जाईल.” मग विचारावं, कुणाकुणाशी? दोन-तीन सरकारी बँका आणि एखादी मोठी खासगी बँक त्या यादीत असेल तर तेवढ्या वकिलांनी ती जमीन वाचली आहे, असं समजायला हरकत नाही. एकच कंपनी, तीही नाव न ऐकलेली, सगळ्यांना कर्ज देत असेल तर मी तरी तिथला चहा पिऊन निघेन.

यानंतर येतो बँकेचा व्हॅल्युअर. हा माणूस मला फार आवडतो, कारण या सगळ्या व्यवहारात भविष्याबद्दल न बोलणारा तो एकटाच. टेप लावतो, फोटो काढतो, नकाशाशी जुळवतो, आजूबाजूला शेवटचा फ्लॅट कितीला गेला ते विचारतो आणि निघतो. फलकांवर पनवेल-कर्जत लोकल कधीपासून धावतेय. मुंबईच्या लोकलविस्ताराच्या एमयूटीपी-३ प्रकल्पात तो मार्ग २०१६ साली मंजूर झाला आणि त्या दिवसापासून बिल्डरांनी तो भावात लावला. मोहोपे, चौक ही नावं ज्यांनी कधी ऐकली नव्हती त्यांनाही ती ब्रोशरमुळे पाठ झाली. व्हॅल्युअर आजचा भाव लिहितो. करारनाम्याची किंमत आणि त्यानं लिहिलेली किंमत यांत जी कमी असेल तिच्यावर कर्ज मिळतं. बिल्डर अठ्ठावीस लाख म्हणतो आणि व्हॅल्युअर पंचवीस लिहितो, तेव्हा मधले तीन लाख म्हणजे येऊ घातलेल्या गोष्टींसाठी तुम्ही आज मोजत असलेली रक्कम. मोजायची असेल तर मोजा, पण कशाची मोजतोय ते कळू द्या.

समजा, दोन्ही आकडे जुळले आणि घर अठ्ठावीस लाखांचं आहे. तीस लाखांपर्यंतच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमानं किमतीच्या जास्तीत जास्त नव्वद टक्के मिळू शकतात. म्हणजे साधारण पंचवीस लाख कर्ज, तीन लाख पदरचे. घोळ इथेच होतो. स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी फी या किमतीत धरत नाहीत (दहा लाखांच्या आतल्या घरांना तेवढी सूट आहे). नोंदणी एक टक्का, पण तीस हजारांच्या वर नाही. स्टॅम्प ड्युटी गावाच्या हद्दीप्रमाणे बदलते. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर त्यात एक टक्का सवलत आहे. बांधकाम चालू असेल तर जीएसटी. पंचेचाळीस लाखांपर्यंतच्या आणि मुंबई महानगर प्रदेशात साठ चौरस मीटर कार्पेटपर्यंतच्या घराला तो एक टक्का. वर सोसायटीचा आगाऊ मेंटेनन्स, मीटर, ‘इन्फ्रा चार्जेस’ नावाचा एक गूढ आकडा, वकील, प्रोसेसिंग फी. तीन लाख म्हणता म्हणता पाच-साडेपाच होतात. ते दोन-अडीच लाख मग पतपेढीतून, सोनं ठेवून किंवा पर्सनल लोननं उभे राहतात आणि घराचा हप्ता सुरू व्हायच्या आधीच दुसरा हप्ता सुरू होतो.

बँक माणसाकडेही याच नजरेनं बघते. त्याला विकता येत नाही, म्हणून त्याचा पुढचा वीस वर्षांचा पगार मोजते. हातात येणाऱ्या रकमेच्या निम्म्याहून जास्त हप्त्यांत जाऊ नये, असा ढोबळ हिशेब असतो, आणि त्यात मोटारसायकलचा, मोबाइलचा हप्ताही धरतात. पगारपत्रक आणि फॉर्म १६ असलेल्याचं काम लवकर होतं. खोपोलीत टेम्पो चालवणारा, नेरळ स्टेशनबाहेर वडापावची गाडी लावणारा किंवा सातआठ फार्महाऊसांची राखण करून चांगले पैसे कमावणारा माणूस मात्र बँकेला नीट दिसतच नाही. त्याच्यासाठी हाउसिंग फायनान्स कंपन्या आहेत. त्यांचा माणूस घरी येतो, गाडीवर उभा राहून गिऱ्हाईक मोजतो, दूधवाल्याची वही बघतो आणि उत्पन्नाचा अंदाज बांधतो. ही मेहनत खरी आहे आणि त्यामुळे कित्येकांची घरं झाली आहेत. पण तिचा दर बघा. पंचवीस लाख, वीस वर्षं. साडेआठ टक्क्यांनी महिन्याला २१,६९६ रुपये. साडेअकरा टक्क्यांनी २६,६६१. वीस वर्षांत फरक पडतो जवळजवळ बारा लाखांचा. कमाई तीच, परतफेड तितकीच इमानदार, फक्त कागद नाही म्हणून अर्ध्या घराची किंमत वर. शिवाय ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना आपले बदलते दर रिझर्व्ह बँकेच्या रेपोसारख्या बाहेरच्या दराशी बांधावे लागतात, कंपन्यांवर ते बंधन नाही. रेपो उतरला की शेजाऱ्याचा हप्ता हलतो, आपला तसाच. म्हणून ज्याला दोन-तीन वर्षांनी घर घ्यायचंय त्यानं घर बघायच्या आधी रिटर्न भरायला लागावं आणि रोजची रोख खात्यात टाकावी. साइट बघत फिरण्यापेक्षा याचा फायदा जास्त. व्याजदर बदलता असेल तर व्यक्तीच्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड लागत नाही, तेव्हा कागद तयार झाले की कर्ज बँकेकडे वळवताही येतं.

इथपर्यंत बँकेची नजर कामाची. पण तिला दिसतं ते तिच्या कामापुरतंच. मे महिन्यात टँकर किती येतात, हे कोणत्याही व्हॅल्युएशन रिपोर्टमध्ये नसतं. पहाटेच्या लोकलला कर्जतलाच जागा भरतात की नेरळला उभं तरी राहता येतं, हे नसतं. सीएसएमटी शंभर किलोमीटरवर आहे आणि खोपोलीच्या गाड्या मोजक्या, हेही नसतं. उल्हास नदीचं पाणी किती वर येतं, तेही नसतं. २७ जुलै २०१९ ला याच नदीच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजारभर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. बँक हे विचारत नाही, कारण पुरात पाणी शिरलेलं घरही विकलं जातं, थोडं कमी भावात. ताबा लांबला तर बँकेचं फारसं बिघडत नाही, प्री-ईएमआय, म्हणजे ताब्याआधीचं नुसतं व्याज, चालूच राहतं. खोलीचं भाडं आणि ते व्याज, दोन्ही तुम्ही भरत असता. रेराच्या कलम १८ खाली उशिराचं व्याज मागता येतं, पण मागावं लागतं. या चौकशा स्टेशनावर, पाण्याच्या टाकीजवळ, खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे करायच्या. पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा.

‘विकता येईल का’ हा प्रश्न आणखी एका ठिकाणी नेतो, आणि तिथे तो घर शोधणाऱ्या आपल्यासारख्यांच्या कामाचा उरत नाही. ३६ अ नं आदिवासीची जमीन वाचवली ती विकायला अवघड करून. पण कर्जाची सगळी व्यवस्था विकता येण्यावर उभी असल्यामुळे जी जमीन वाचली तीच गृहकर्जाच्या दारात निरुपयोगी ठरली. कातकऱ्यांचं तर त्याहून पलीकडचं. त्यांच्या अनेक वाड्या ज्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या उभ्या आहेत ती त्यांच्या नावावर कधी नव्हतीच. कर्जत तालुक्यात कशेळ्याला अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स ही संस्था आहे. तिथले राजीव खेडकर आणि कॅनडाचे डॅनियल बकल्स यांनी रायगडमधल्या कातकरी वाड्यांवर लोकांबरोबरच काम करून २०१३ मध्ये पुस्तक लिहिलं. जमिनीचे भाव चढले, मालकांनी जमिनी विकायला काढल्या आणि वाड्यांभोवती कुंपणं येऊ लागली, अशी ती हकीकत आहे. उपाय म्हणून वाडीचं गावठाण मंजूर करून घ्यायची खटपट लोकांनी सुरू केली. जे फार्म प्लॉट आपण फलकावर बघतो त्यांची दुसरी बाजू ही.

कातकऱ्याला कर्ज देणारा कुणीच नाही असं मात्र नाही. वीटभट्टीचा मालक पावसाळ्यात उचल देतो, आणि दिवाळीनंतर अख्खं कुटुंब ती फेडायला भट्टीवर जातं. तिथे सर्च रिपोर्ट लागत नाही. तारण माणूसच. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याला हे मान्य नाही, पण पैशाची गरज पावसाळ्यातच असते आणि त्या वेळी दुसरं कुणी दारात येत नाही. या पट्ट्यातल्या भिंतींच्या विटा अशा हिशेबातून आलेल्या असतात.

कातकऱ्यांसाठी सरकारनं कर्जाऐवजी अनुदानाची वाट ठेवली आहे. महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी समूहांत कातकरी येतात. नोव्हेंबर २०२३ च्या पीएम-जनमन योजनेत त्यांना घरासाठी दोन लाख रुपये मिळतात. पण घरकुलाच्या अर्जालाही आधी जागा दाखवावी लागते. जागा नसेल तर ती घ्यायला दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची राज्याची वेगळी योजना आहे, पाचशे चौरस फुटांसाठी एक लाखापर्यंत. म्हणजे जेमतेम अर्धा गुंठा. नेरळ-कर्जत रस्त्याला तो एक लाखात कुठे मिळतो, हे शासन निर्णयात लिहिलेलं नाही.